दादूसची ट्रायल

आमच्या अलिबाग आगारात माइकवरून गाड्या पुकारायचं काम सोपं आहे असं सगळ्यांना वाटतं. गाडी कुठली, फलाट कुठला, की झालं. पण दादूस त्या चौकशीच्या खिडकीत बसायला लागले आणि माझ्या टेबलावर रोज एक तरी तक्रार येऊन पडायला लागली. 'मुरूडला जाणारी गाडी फलाट तीनवर लागली आहे' एवढं म्हणून ते थांबत नसत. 'गाडी जुनी हाय, मागं बसणाऱ्यांनी जरा धरून बसा,' असं पुढे जोडत. एकदा मुंबईहून येणारी गाडी वडखळला अडकली होती आणि लोक दर दोन मिनिटांनी खिडकीशी येऊन किती वेळ, किती वेळ विचारत होते. दादूसनी माइक ओढला आणि अख्ख्या स्टँडला सांगितलं की किती वेळ ते मला माहीत नाही, ज्याला माहीत असेल तो गाडीत बसलाय, आणि माझ्या अंदाजाने त्यालाही माहीत नाही. आगार व्यवस्थापकांनी मला आत बोलावून घेतलं. मी म्हटलं, साहेब, त्यात खोटं काय होतं तेवढं सांगा, मी समज देते. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मला जायला सांगितलं.

मी वाहतूक नियंत्रक. म्हणजे गाड्या उशिरा आल्या की शिव्या खाणारी बाई. त्याआधी बरीच वर्षं कंडक्टर होते आणि त्यातली बहुतेक मुरूडच्या रस्त्यावर दादूसच्या गाडीवर काढली. उभं राहून राहून गुडघे गेले, मग परीक्षा देऊन या खुर्चीत आले. खुर्ची मिळाली की सुटू, असं वाटलं होतं. तसं काही होत नाही. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी नागाव-काशीदला लोटते, ड्रायव्हर कमी, गाड्या त्याहून कमी, आणि सोमवारी सगळ्याचा जाब मला. त्या वर्षात मला सकाळी उठल्या उठल्याच थकवा वाटायचा. दादूसची गोष्ट त्याच वर्षातली आहे.

दादूस म्हणजे मोठा भाऊ. आमच्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्या माणसाला प्रेमाने म्हणतात. त्यांचं खरं नाव ड्यूटीच्या तक्त्यावर यायचं, बाकी साहेबांपासून पाणीवाल्यापर्यंत सगळे दादूसच म्हणायचे. माणूस पेणकडचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. नागावची मुलगी केली आणि सासऱ्याच्या वाडीला लागून घर बांधलं. यावरून कोणी घरजावई म्हणून चिडवलं, तर म्हणत, 'व्हय, नारळ कुठल्या बाजूला पडतात ते बघूनच लग्न केलं.' अंगाने बुटके, मान आखूड, आणि चालताना हात थोडे पुढे, गाडीचं चाक सोडून आत्ताच उतरल्यासारखे.

गाडी चालवण्याच्या त्यांच्या काही रीती होत्या आणि त्यापायी मी कंडक्टर असताना अनेकदा रडकुंडीला आले आहे. ते हॉर्न वाजवत नसत. हॉर्न वाजवायची वेळ आली म्हणजे आपलं आधीच कुठेतरी चुकलं, असं त्यांचं म्हणणं. काशीदच्या रस्त्यावर रविवारी लोक गाड्या वाटेल तशा लावून पाण्यात जातात. आमची गाडी अडली की दुसरा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसेल, शिव्या देईल. दादूस इंजिन बंद करत, उतरत आणि सुरूच्या झाडाखाली जाऊन बसत. गाडीत माणसं तापलेली, मला खाऊ की गिळू करणारी. मी खाली उतरून म्हणायचे, दादूस, काहीतरी करा. ते म्हणायचे, 'माणूस पाण्यात हाय. निघंल, आंग पुशील, मंग येईल. ओरडून का लवकर सुकणार हाय?' शेवटी तो गाडीवाला ओल्या चड्डीत धावत यायचा आणि दादूसना बघून इतका ओशाळायचा की आम्हालाच त्याची दया यायची.

तिथेच, जिथे डोंगर मागे पडून एकदम समुद्र उघडा पडतो, तिथे ते सकाळच्या गाडीचा वेग कमी करत. त्या गाडीने मुरूडकडची माणसं अलिबागला मोठ्या दवाखान्यात जातात. वेळापत्रकात बसत नाही म्हणून मी एकदा कुरकुर केली. म्हणाले, 'दवाखान्यात चाललीत. जरा बघू दे.' पुन्हा मी विचारलं नाही. तो माणूस मला त्या दिवसापासून आवडायला लागला, हे आता सांगून टाकायला हरकत नाही.

मात्र कोणी त्यांना साधुसंत समजू नये. रुसले की पंधरवडा बोलत नसत. कंडक्टरने म्हातारी नीट चढायच्या आत बेल मारली, तर त्या कंडक्टरशी निवृत्तीपर्यंत अबोला. एकाशी खरंच धरला. आणि दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून तिचं काय बिघडलंय ते सांगायची त्यांना भारी हौस. खिडकीत बसायला लागल्यावर तर ती फार वाढली. गाडी आत शिरली की खिडकी सोडून बाहेर, कान देऊन उभे, आणि मग वर्कशॉपमध्ये जाऊन सांगणार, क्लच गेला म्हणून. निम्म्या वेळा क्लच ठणठणीत असायचा. वर्कशॉपवाले वैतागून माझ्याकडे यायचे, याला बांधून ठेवा म्हणून.

खिडकीत ते हौसेने आलेले नव्हते. निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं असताना एका सकाळी मुरूडहून गाडी घेऊन आले, माणसं उतरवली, गाडी डिझेल भरायला नेऊन लावली, खाली उतरले आणि नळाशी तोंड धुता धुता पडले. शुद्ध लगेच आली, पण नाडी फारच सावकाश चालली होती. पनवेलला नेलं. हृदयाला वरून येणारी सूचना खाली नीट पोचत नाही, मध्येच गळते, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. काडेपेटीएवढं यंत्र. मी भेटायला गेले तेव्हा दादूस उशीला टेकून बसले होते. मला म्हणाले, 'बाय, आत कंडक्टर बसवलाय. माझं काळीज स्टॉपवर उभं राहिलं की हा डबल बेल मारतो.' वहिनी, म्हणजे त्यांची बायको, बाजूला उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांना आणि मला एकच गोष्ट दिसत होती. नळाऐवजी मुरूडच्या रस्त्यावरचा एखादा उतार असता, आणि मागे भरलेली गाडी, तर.

साहेबांनाही तेच दिसलं असणार. पेसमेकर बसवलेल्या माणसाला चाकावर बसवायचं नाही, खाली हलकं काम द्यायचं, असं ठरलं. सहा महिन्यांनी फेरतपासणी होईल, तिच्यात पास झालात तर बघू, एवढं आश्वासन मिळालं. यात कोणाचीच चूक नव्हती.

दादूसनी पहिले काही दिवस माइक उजव्या हातात, हात लांब करून धरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लोहचुंबक आणि मोबाइल यंत्रापासून निदान वीतभर लांब ठेवा. दादूसनी वीतभरचं हातभर केलं. आवाज इतका बारीक यायचा की माणसं वर बघायची, मग एकमेकांकडे बघायची, आणि गाडी निघून जायची. पुढे मी त्यांना डॉक्टरांकडून विचारून घ्यायला लावलं, तेव्हा कुठे माइक तोंडापाशी आला. पण वीत मोजायची सवय राहिली. पंखा, टेबलाचा खण, चहावाल्याची शेगडी, सगळ्याला ते आधी डाव्या छातीपासून वीत लावून बघायचे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं होतं. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याची शेवटची फेरी असते. वर्कशॉपची पोरं रात्रीच गाडी धुतात. सकाळी झेंडूच्या माळा, पुढच्या काचेला नारळाच्या झावळ्या, कोणी फुगे लावतं. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर नवी साडी नेसून त्याची बायको बसते. प्रत्येक स्टॉपवर माणसं ओळखीने येऊन हार घालतात, पेढा भरवतात, आणि इतकी वर्षं ज्या गाडीला उशीर झाला म्हणून ओरडायची ती गाडी त्या दिवशी तासभर उशिरा पोचली तरी कोणी बोलत नाही. त्या एका फेरीसाठी माणूस बाकीचं सगळं विसरायला तयार होतो. खिडकीत बसून निवृत्त झालेल्याला शाल आणि नारळ मिळतो. साहेबांच्या केबिनमध्ये, पंख्याखाली, दहा मिनिटांत.

वहिनींनी साडी घेऊन ठेवली होती. मोरपिशी, जरीच्या काठाची. आजारपणाच्याही आधी घेतली होती आणि मला दाखवली होती. दादूस खिडकीत आल्यावर साडीचा विषय त्यांनी कधी काढला नाही, पण फेरतपासणीची तारीख किती जवळ आली ते मला वारंवार विचारायच्या.

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर दादूस माझ्या टेबलासमोर येऊन बसले. म्हणाले, 'वर्कशॉपमधनं आलेली गाडी तू ट्रायलशिवाय रूटला घालतेस काय?'

नाही घालत. इंजिन उघडलेली गाडी आधी रिकामी बाहेर काढायची, चढावर ओढून बघायची, उतारावर ब्रेक दाबून बघायचा, मग तिच्यात माणसं. हे आमच्याकडे शिपायालाही माहीत असतं. मी नाही म्हटलं.

'मंग मी पण वर्कशॉपमधनंच आलोय,' दादूस म्हणाले. 'माझी ट्रायल कुठं झाली?'

त्यांनी ती ठरवूनही टाकली होती. हमरस्त्याला लागून एक मोठं करमणुकीचं उद्यान आहे, नातवंडांनी तिथला व्हिडिओ दाखवलेला. त्यातल्या रोलर कोस्टरवर बसायचं. चढ आहे, उतार आहे, वळणं आहेत, हिसके तर काशीदच्या रस्त्यापेक्षा जास्त आहेत. तिथे यंत्र टिकलं, काळीज टिकलं, तर फेरतपासणीला छाती पुढे काढून जाता येईल. मी त्यांना सांगून पाहिलं की तपासणारे डॉक्टर असलं काही विचारणार नाहीत, त्यांना कागद आणि ईसीजीच्या पट्ट्या बघायच्या असतात. दादूस म्हणाले, ट्रायल तपासणाऱ्यासाठी नसते, ती चालवणाऱ्यासाठी असते. मला त्या दिवशी इतका कंटाळा आला होता की मी म्हटलं, करा काय करायचं ते, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

पनवेलला त्यांच्याबरोबर मीच गेले, कारण वहिनींचं म्हणणं, तो सांगेल एक आणि ऐकून येईल दुसरं. डॉक्टर वयाने लहान. मला वाटलं, आपल्याला हाकलून देतील. त्यांनी उलट पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकून घेतलं. यंत्र हादऱ्याने निखळत नाही, जखम भरली आहे, तारा आत रुजल्या आहेत, असं म्हणाले. प्रश्न यंत्राचा नाही, हृदयाचा. ते मुळात कमकुवत असतं, ठोके भलतेच पळत असते किंवा रक्तदाब चढलेला असता, तर मी इथेच नाही म्हटलं असतं. दादूसच्या सगळ्या तपासण्या त्यांनी पुन्हा करून घेतल्या. त्या चांगल्या आल्या. मग अटी सांगितल्या. खांद्यावरून जोरात येणारा दांडा नको, तो नेमका यंत्रावर आदळेल. मांडीवर दांडा येतो अशीच गाडी बघा. मोठ्या चुंबकांच्या जोरावर फेकली जाते तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. भर उन्हात नको, उपाशी नको, भरल्या पोटी नको, पाणी पीत राहा. एकदाच बसा. शेजारी माहितीतलं माणूस असू द्या. चक्कर, धाप, काही वाटलं तर तिथेच थांबा. आणि उद्यानवाले नाही म्हणाले तर मुकाट्याने परत या, माझं नाव सांगून भांडू नका. उठताना म्हणाले, 'आणि काका, यावरून तुम्ही बस चालवायला योग्य ठरता असं काही नाही, बरं का.' दादूसनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, फक्त हे शेवटचं सोडून.

त्यानंतर त्यांनी आगाराच्या वार्षिक सहलीचं ठिकाण बदलून घेतलं. दरवर्षी आम्ही महाबळेश्वरला जाऊन तेच तेच मक्याचं कणीस खाऊन येतो, त्यामुळे कोणी फार विरोध केला नाही. उद्यानात फोन करायला मला बसवलं आणि स्पीकर चालू ठेवायला लावला, हातभर लांब. रोलर कोस्टरची गाडी वर चढते ती साखळीने की चुंबकाने, एवढंच विचारायचं होतं. फोनवरची मुलगी जेवणासकट तिकिटाची योजना सांगत राहिली. तिने दुसऱ्याला दिला, त्याने तिसऱ्याला, आणि शेवटी मागे कुठेतरी घणाचा आवाज येत असलेल्या एका माणसाने सांगितलं, 'मोठीला चुंबक, धाकटीला साखळी. धाकटी जुनी आहे, काका.' दादूस खूश झाले. जुनी गाडी म्हणजे ओळखीची गाडी. मी त्या माणसाला पेसमेकरचं सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टरांचं लेखी आणा, आल्यावर आधी प्रथमोपचाराच्या खोलीत या, आमच्या साहेबांनी हो म्हटलं तरच.

सहलीला आमचीच एक गाडी करारावर घेतली होती. दादूस पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसले आणि मी मागून बघत होते, कार्ले खिंडीत प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय चपलेत दाबला जात होता. सोमवारी फेरतपासणी होती.

उद्यानात शिरल्याशिरल्या ते प्रथमोपचाराच्या खोलीत गेले. पेसमेकर आहे हे शर्टाच्या आत कोणाला दिसणार होतं? आमच्यातला एक जण म्हणालाही, गप बसा आणि बसून घ्या. दादूस त्याच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की तो सरबताच्या दुकानाकडे वळला. तिथल्या साहेबांनी डॉक्टरांचं वाचलं, नर्सबाईंनी नाडी आणि रक्तदाब घेतला. मोठीवर अजिबात नाही, म्हणाले. धाकटीवर, मधल्या डब्यात, एकदा. दादूसनी मोठीकडे मान वर करून जरा वेळ बघितलं. ती उलटी होत होती, माणसं किंचाळत होती. मग म्हणाले, 'त्याची गाडी, त्याचा नियम,' आणि चालायला लागले.

धाकटीही मला पुरेशी मोठी वाटली. दादूस खाली कठड्याशी उभे राहून तिच्या दोन फेऱ्या बघत राहिले, कुठे वळण, कुठे उतार, कुठे ब्रेक लागतो. शेजारी कोणी बसायचं हा प्रश्न आला तेव्हा वहिनींनी माझा दंड धरला. 'बाय, तू बस त्याच्यासंगती. मला न्हाय बघवणार.' मी गुडघ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'बसायचंच तर हाय.' मग काय, बसले. दादूसनी नॅपकिनाची घडी शर्टाच्या आत यंत्रावर ठेवली, खरं तर तिथे कुठला पट्टा येणार नव्हता. मांडीवर दांडा आला. त्यांनी तो दोनदा हलवून बघितला, माझाही हलवून बघितला.

साखळी कटकट करत आम्हाला वर ओढायला लागली. मी दादूसना विचारलं, बरं वाटतंय ना? म्हणाले, 'ही दुसऱ्या गिअरात हाय.' वर पोचल्यावर डोंगर दिसले, हमरस्ता दिसला आणि त्यावर मुंग्यांसारखे ट्रक. पुढचं मला सांगता येणार नाही, कारण मी काही पाहिलंच नाही. मी देवाचं नाव घेतलं, दांडा धरला आणि जे व्हायचं ते होऊ दिलं. पोट वर आलं, मान इकडे गेली, तिकडे गेली. मध्ये एकदा दादूसचा खांदा माझ्यावर आदळला. मग जोराचा ब्रेक लागला आणि कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

आमची मंडळीच होती ती. दादूस हसत उतरले. नर्सबाईंनी पुन्हा नाडी बघितली, रक्तदाब बघितला, पाणी पाजलं, थोडा वेळ बसवून ठेवलं आणि छान आहे म्हणाल्या. वर्कशॉपच्या पोरांनी दादूसना जवळजवळ उचललंच. आता सोमवारी कोण अडवतंय, असं सगळ्यांचं झालं. एकाने तर झेंडू कुठून आणायचा याचं बोलणं काढलं. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि लिंबू सरबत आणते म्हणून गेल्या. मंडळी मोठीच्या रांगेकडे पळाली. मी आणि दादूस बदामाच्या झाडाखालच्या बाकावर उरलो. मनातून मलाही वाटत होतं, चला, एक तरी गोष्ट या वर्षात धड झाली.

दादूसनी शर्टातून नॅपकिन काढला, उलगडला, पुन्हा घडी केली.

'बाय, मी सोमवारी जात न्हाय,' ते म्हणाले.

मला वाटलं, दुखतंय. मी उठायला लागले, नर्सबाईंना हाक मारायला.

'बस. काळीज बरोबर हाय. आतला कंडक्टर पण बरोबर हाय.' ते समोर बघत होते. 'पयला उतार लागला आन मी डोळे मिटले.'

मी म्हटलं, दादूस, सगळेच मिटतात. मी तर वर चढल्यापासून मिटले होते.

'तू मिटलेस तर काय बिघडलं?'

'आणि तुम्ही मिटलेत तर? तिथे चाक नव्हतं तुमच्या हातात. ब्रेक नव्हता पायाखाली. गाडी चालवताना असं होत नाही, तुम्हालाही माहीत आहे.' मी वादच घालायला लागले. मला खरंच राग आला होता. एवढा खटाटोप केला, डॉक्टर झाले, फोन झाले, माझे गुडघे झाले, आणि हा माणूस लहान मुलांच्या खेळात डोळे मिटले म्हणून सगळं सोडून द्यायला निघाला होता. मी म्हटलं, यावरून काही ठरत नाही. डॉक्टरही तेच म्हणाले होते.

दादूसनी ऐकून घेतलं. मग सावकाश बोलले.

'उतार कुठं हाय मला ठावं होतं. खालनं दोनदा बघितलं होतं. मनात ठरवलं होतं, मिटायचे न्हाईत. तरी मिटले. आपोआप. आजारी पडायच्या आधी मिटले असते का, ते मला म्हाईत न्हाय. गाडीत पंचेचाळीस जीव आन मला म्हाईत न्हाय. असा ड्रायव्हर तू रूटला घालशील?'

मी वाहतूक नियंत्रक आहे. हा प्रश्न रोज सकाळी माझ्यासमोर असतो. कोणी डोळे लाल करून आला, कोणाला ताप आहे, कोणाचं घरी भांडण झालंय, आणि मी ठरवायचं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि घालीन असं म्हणायला तोंड उघडलं. म्हणता आलं नाही.

वहिनी तीन ग्लास सांभाळत आल्या. चेहरा इतका उजळलेला मी त्यांचा वर्षभरात पाहिला नव्हता. मला एक दिला, दादूसना एक दिला, आणि त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या की आता जाऊन ब्लाउज शिवायला टाकते, उगाच राहिलाय. मी ग्लासात बघत बसले. तिथून उठून जावं असं फार वाटलं.

दादूसनी त्यांना सांगितलं. जेवढं मला सांगितलं होतं तेवढंच, त्याच शब्दांत. समोर मोठी गाडी वर गेली, उलटी झाली, आमची पोरं तिच्यात ओरडत होती. वहिनींनी सरबताचा घोट घेतला, ग्लास बाकावर ठेवला आणि नवऱ्याच्या कॉलरला लागलेला नॅपकिनाचा धागा काढून टाकला.

'बरं झालं बाय,' त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. 'मला पण पुढच्या बाकावर बसलं की उलटी येते. मुरूडपातूर कशी बसणार होते, म्हणून मी पण काळजीतच होते.'

दादूस मान खाली घालून हसले, आणि मग त्यांना रडू आलं. मी दुसरीकडे बघत राहिले. दर बाजाराला वहिनी आमच्या गाडीत असायच्या, त्याच पहिल्या बाकावर, टोपली पायाशी घेऊन, मुरूडला जाऊन परत. मी त्या गाडीवर कंडक्टर होते. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही उलटी झाली नव्हती.